वाकायामा: नुसतं कोयासान बघून परत फिरू नका

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा की नोव्हेंबरमध्ये आई-बाबा आणि आठवीतल्या मुलाला घेऊन जपानला येताय, ओसाका-क्योतो पक्कं आहे, बाबांना कोयासान या डोंगरावरच्या बौद्ध मंदिरांच्या गावी डॉ. बाबासाहेबांचा पुतळा बघायचाय, तर हा वाकायामा भाग नक्की आहे काय, तिथे अजून काय बघण्यासारखं आहे, फिरायचं कसं, आणि आई पूर्ण शाकाहारी आहेत तर त्यांचं जेवणाचं काय. मी ओसाकात राहतो, कान्साईत म्हणजे ओसाका-क्योतोच्या प्रदेशात मराठी ग्रुप फिरवायचं काम करतो आणि या सगळ्या पट्ट्यात वाकायामा माझा सगळ्यात लाडका, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

आधी एकच सांगतो, ते लक्षात ठेवलंत तर बाकीचं आपोआप सुटेल. बहुतेक लोक सकाळी ओसाकाहून निघतात, कोयासान बघतात, रात्री परत येतात आणि वाकायामा झालं म्हणतात. पण वाकायामा म्हणजे दोन वेगळी जगं आहेत, वर डोंगरातलं आणि खाली समुद्राकाठचं, आणि त्या दोघांच्या मधे इतका आडवातिडवा डोंगर आहे की एकातून दुसऱ्यात जायला तुम्हाला जवळजवळ पूर्ण वळसा घालावा लागतो. इतिहास, धंदे, रेल्वे, बस, सगळं या डोंगरामुळेच असं घडलंय. म्हणून नकाशापासून सुरुवात करू.

ओसाकाच्या खाली पॅसिफिकमध्ये घुसलेला एक जाडजूड भाग दिसेल, तो किई द्वीपकल्प, जपानमधला सगळ्यात मोठा. त्याची पश्चिमेची आणि दक्षिणेची बाजू म्हणजे वाकायामा प्रीफेक्चर, आपल्याकडच्या प्रांतासारखा भाग. क्षेत्रफळ साधारण ४,७०० चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्यापेक्षा थोडं मोठं, पण माणसं फक्त ९ लाखांच्या आसपास आणि त्यातली साडेतीन लाख एकट्या वाकायामा शहरात. १९८५ साली हाच आकडा जवळपास ११ लाख होता, आता तरुण पोरं ओसाका-तोक्योला जातात आणि गावं म्हातारी होतायत, हे तुम्हाला बसमध्ये बसल्या बसल्या दिसेल. जमिनीचा तीन चतुर्थांश भाग जंगल. खरी सपाट जमीन म्हणाल तर उत्तरेला किनोकावा नदीचं खोरं, ही नदी नारा प्रीफेक्चरमधून पश्चिमेला वाहत येते आणि वाकायामा शहरापाशी समुद्राला मिळते. तिच्या उत्तरेला इझुमी डोंगररांग, पलीकडे ओसाका. दक्षिणेला मात्र डोंगरच डोंगर, ते थेट समुद्रापर्यंत. कोकण बघितलेल्या माणसाला हा किनारा लगेच ओळखीचा वाटतो, डोंगर उतरून थेट पाण्यात जातो, मधे चिंचोळी पट्टी, त्याच पट्टीत गावं, बंदरं, फळबागा आणि बोगद्यांतून आतबाहेर करत जाणारी एकेरी रेल्वे.

किनाऱ्याजवळून कुरोशिओ नावाचा उबदार सागरी प्रवाह वाहतो, त्यामुळे दक्षिणेला हिवाळा सौम्य असतो आणि ओली हवा डोंगराला अडून पाऊस धो धो पडतो. जपानमधल्या सगळ्यात जास्त पावसाच्या पट्ट्यांपैकी हा एक. २०११ च्या सप्टेंबरमध्ये एका वादळाने कुमानो आणि नाची भागात मोठी हानी केली, दरडी कोसळल्या, रेल्वेचा पूल वाहून गेला. ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत येणाऱ्यांना मी म्हणूनच एक दिवस हाताशी मोकळा ठेवायला सांगतो. तुम्ही नोव्हेंबरमध्ये येताय, हवा एकदम उत्तम असते. फक्त कोयासान ८०० मीटर उंचीवर आहे, तिथे महिन्याच्या मध्यापासून पहाटे पारा शून्याच्या जवळ जातो, आई-बाबांना गरम कपडे घ्याच. पानांचा लाल रंगही तिथे लवकर येतो, ऑक्टोबर अखेर ते नोव्हेंबरचा पहिला आठवडा-दहा दिवस, त्यानंतर खाली उतरतो.

आता कोयासान. ८१६ साली कूकाई या भिक्षूला सम्राटाकडून ही जागा मिळाली, त्यांनाच मरणोत्तर कोबो दाइशी म्हणतात. ८०४ साली ते चीनला गेले, तिथल्या राजधानीत वज्रयान परंपरेची दीक्षा घेतली आणि प्रज्ञा नावाच्या भारतीय भिक्षूकडे संस्कृतही शिकले. परत येऊन त्यांनी शिंगोन पंथ रुजवला. डोंगरमाथ्यावर आठ शिखरांच्या मधे एक वाटीसारखी सपाटी आहे, तिथे आज ११७ मंदिरं आहेत आणि त्यातल्या पन्नासएक मंदिरांत पाहुण्यांची राहायची सोय आहे, त्याला शुकुबो म्हणतात. दोन जागा मुख्य. पहिली दांजो गारान, तिथे शेंदरी रंगाचा ४८ मीटरच्या वर उंच कोनपोन दाइतो स्तूप आहे. दुसरी ओकुनोइन, म्हणजे देवदारसारख्या प्रचंड सुगी झाडांमधून जाणारी दोन किलोमीटरची वाट आणि दोन्ही बाजूंना दोन लाखांवर समाध्या. ओदा नोबुनागा, तोयोतोमी हिदेयोशी, ताकेदा शिंगेन, उएसुगी केनशिन, जन्मभर एकमेकांशी लढलेले सरदार इथे एकाच वाटेवर आहेत. वाटेच्या शेवटी कूकाईंची समाधी, ते अजून ध्यानात बसलेत अशी श्रद्धा आहे आणि रोज दोनदा त्यांच्यासाठी जेवण नेलं जातं. सकाळी साडेदहाच्या सुमाराला गेलात तर पिवळ्या वस्त्रातले भिक्षू लाकडी पेटी घेऊन जाताना दिसतील.

ओकुनोइनमध्ये एक गोष्ट मी प्रत्येक मराठी माणसाला थांबवून दाखवतो. तिथल्या जुन्या समाध्या पाच दगडांच्या असतात, एकावर एक ठेवलेले, खाली चौकोनी, त्यावर गोल, मग छपरासारखा, मग अर्धगोल आणि वर टोकदार कळीसारखा. त्या प्रत्येक दगडावर एकेक अक्षर कोरलेलं असतं, खालून वर अ, व, र, ह, ख. पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश, आपलीच पंचमहाभूतं. लिपी आहे सिद्धम, ब्राह्मीतून आलेली, देवनागरीची बहीण म्हणा, आणि जरा वेळ नजर स्थिर केलीत तर एखादं अक्षर तुमच्या मुलालासुद्धा ओळखता येईल. हजार वर्षांहून जास्त काळ जपानी भिक्षू ही लिपी हाताने गिरवतायत आणि भारतात ती वापरातून गेली. मला दरवेळी तिथे भरून येतं.

बाबासाहेबांचा पुतळा कोयासान विद्यापीठात आहे, गावाच्या मध्यावरच. २०१३ मध्ये महाराष्ट्र शासन आणि वाकायामा प्रीफेक्चर यांच्यात सहकार्याचा करार झाला आणि २०१५ मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते या पुतळ्याचं अनावरण झालं. विद्यापीठ लहान आहे, शांत आहे, वर्ग चालू असतात म्हणून आत जाताना ऑफिसात सांगून गेलेलं बरं. बाबांना घाई करू नका, मी असे ज्येष्ठ लोक बघितलेत की तिथून त्यांचे पाय निघत नाहीत.

आणि कोयासानचा इतिहास सांगताना हेही सांगायला हवं की या डोंगरावर शेकडो वर्षं बायकांना बंदी होती. १८७२ मध्ये सरकारने देशभरातली अशी बंदी उठवली पण इथे ती प्रत्यक्षात सुटायला अजून काही दशकं गेली. वेशीवर न्योनिनदो नावाचं छोटं देऊळ आहे, बायका तिथपर्यंत यायच्या आणि बाहेरून डोंगराला प्रदक्षिणा घालून जायच्या, ती वाट आजही चालता येते. तुम्ही आणि आई तिथे जरूर उतरा, बस थांबते.

याच्या अगदी उलट दक्षिणेचं कुमानो. होंगू, शिंगू म्हणजे हायातामा, आणि नाची ही शिंतो या जपानच्या मूळ धर्माची तीन मोठी देवस्थानं, आणि तिथे पहिल्यापासून बाई-पुरुष, गरीब-श्रीमंत, आजारी-धडधाकट असा भेद न करता सगळ्यांना प्रवेश. त्यामुळे अकराव्या-बाराव्या शतकात क्योतोहून निवृत्त सम्राट, दरबारी, मग सरदार आणि नंतर साधी माणसं इतकी यायची की मुंग्यांची रांग म्हणायचे. सम्राट गो-शिराकावा तर तीसहून जास्त वेळा येऊन गेले. ज्या पायवाटांनी ते आले त्या कुमानो कोदो. २००४ मध्ये या वाटा, कोयासान, कुमानो आणि शेजारच्या नारा प्रीफेक्चरमधलं योशिनो-ओमिने असं सगळं मिळून युनेस्कोच्या यादीत गेलं. कोयासान ते होंगू ही कोहेची वाट जवळपास ७० किलोमीटर, हजार मीटरच्या वरच्या तीन खिंडी, साधारण चार दिवस, ते तुमच्यासाठी नाही. पण होशिनमोन-ओजी ते होंगू हा शेवटचा सात किलोमीटरचा टप्पा बहुतेक उताराचा आहे, खेडी, चहाची रोपं, जंगल, तुमचा मुलगा आरामात करेल आणि आई-बाबा बसने थेट होंगूला येऊ शकतील.

होंगूचं देऊळ पूर्वी नदीच्या मधल्या वाळूच्या बेटावर होतं. १८८९ च्या महापुरात बरंच वाहून गेलं, जे वाचलं ते उचलून वर टेकडीवर नेलं. मूळ जागेवर आता ३३.९ मीटर उंचीचं तोरी म्हणजे देवळाचं प्रवेशद्वार आहे, जपानमधलं सगळ्यात उंच, २००० साली उभारलेलं. भोवती भातशेती. तिथून जवळच युनोमिने हे ओनसेन म्हणजे गरम झऱ्यांचं गाव, ओढ्याच्या काठावर त्सुबोयु नावाची लाकडी खोपटातली गरम पाण्याची कुंडी, दोन-तीन माणसं मावतील एवढीच, तिकीट घेऊन अर्धा तास ती फक्त तुमची. सार्वजनिक ओनसेनमध्ये कपडे काढून जायला आपल्या लोकांना संकोच वाटतो, त्यांच्यासाठी ही उत्तम. शेजारच्या उकळत्या पाण्याच्या हौदात जाळीत बांधून अंडी, रताळी उकडतात, दुकानातच मिळतात, आईंना रताळी नक्की आवडतील.

नाचीला १३३ मीटरचा धबधबा आहे, एका धारेत पडणाऱ्यांत जपानमध्ये सगळ्यात उंच, आणि धबधबा हाच देव, मूर्ती वगैरे नाही. शेजारी सेइगानतोजी हे बौद्ध मंदिर, पश्चिम जपानच्या कान्नोन म्हणजे अवलोकितेश्वराच्या ३३ मंदिरांच्या यात्रेतलं पहिलं. दंतकथा अशी की समुद्रातून वाहत आलेल्या राग्यो नावाच्या भारतीय भिक्षूने ते स्थापलं. खाली रेल्वे स्टेशनजवळ फुदाराकुसान-जी म्हणून छोटं मंदिर आहे, तिथून मध्ययुगात भिक्षू बंद होडीत बसून अवलोकितेश्वराच्या पोतलक लोकाकडे निघायचे आणि परत यायचे नाहीत, त्या होडीची प्रतिकृती आवारात आहे. फार थोडे पर्यटक तिथे जातात. नाचीचे फोटो सगळीकडे दिसतात ते तीन मजली पॅगोडा आणि मागे धबधबा, तिथपर्यंत दाइमोनझाकाच्या जुन्या दगडी पायऱ्या चढून जाता येतं, जवळपास २७०. गुडघे दुखत असतील तर बस वरपर्यंत जाते, पण त्यानंतरही देवळापर्यंत बऱ्याच पायऱ्या उरतात हे आई-बाबांना आधीच सांगा. धबधब्याच्या पायथ्याशी जायच्या पायऱ्या वेगळ्या आणि कमी आहेत.

राजकीय इतिहास जरा पटापट सांगतो. सोळाव्या शतकात इथे नेगोरोजी मंदिराचे लढवय्ये भिक्षू आणि साइका भागातले लोक बंदुकीत तरबेज होते, कुणाचं ऐकायचे नाहीत. १५८५ मध्ये हिदेयोशीने त्यांना मोडून काढलं आणि त्याच वर्षी वाकायामाचा किल्ला बांधायला घेतला. १६१९ मध्ये तोकुगावा घराण्याचा पहिला शोगुन म्हणजे जपानचा लष्करी सत्ताधीश इएयासू, त्याचा मुलगा योरिनोबू इथे आला, तेव्हापासून किशू म्हणजे हाच भाग, हे शोगुन घराण्याच्या तीन मुख्य शाखांपैकी एक, आणि इथलाच योशिमुने १७१६ मध्ये आठवा शोगुन झाला. किल्ल्याचा मूळ मनोरा १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळाला, आता दिसतो तो १९५८ चा काँक्रीटचा आहे. दगडी तट मात्र जुनाच, गाडी बदलायला शहरात दोन तास असतील तर जा, खास त्यासाठी नको.

त्यापेक्षा मला दोन माणसं जास्त मोलाची वाटतात. एक हानाओका सेइशू, किनोकावा खोऱ्यातले वैद्य. १८०४ मध्ये त्यांनी धोतरा आणि बचनागाचा समावेश असलेलं औषध देऊन रुग्णाला पूर्ण बेशुद्ध केलं आणि स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया केली, पाश्चात्त्य देशांत ईथर वापरायला लागले त्याच्या चाळीसेक वर्षं आधी. औषधाचा प्रयोग स्वतःवर करून घेताना त्यांच्या बायकोची दृष्टी गेली. दुसरे हिरोगावाचे हामागुची गोर्यो, सोय सॉसच्या धंद्यातलं घराणं. १८५४ च्या भूकंपानंतर संध्याकाळी त्सुनामी आली तेव्हा अंधारात लोकांना वाट दिसावी म्हणून त्यांनी भाताच्या पेंढ्यांच्या गंज्या पेटवल्या आणि लोक त्या उजेडाच्या आधाराने टेकडीवरच्या देवळाकडे पळाले. खरं मोठं काम त्यानंतरचं. गाव उद्ध्वस्त झालं होतं, लोक सोडून निघाले होते, तर यांनी स्वतःच्या पैशातून ६०० मीटर लांब, ५ मीटर उंच बांध घालायला घेतला आणि त्यावर गावकऱ्यांनाच मजुरीला लावलं, म्हणजे पोटही भरलं आणि गावही टिकलं. १९४६ मध्ये पुन्हा त्सुनामी आली तेव्हा त्या बांधाने गावाचा बराचसा भाग वाचवला. बांध अजून आहे, वरून चालता येतं, शेजारी त्सुनामीचं संग्रहालय आहे. ५ नोव्हेंबर हा जागतिक त्सुनामी जागृती दिवस संयुक्त राष्ट्रांनी याच घटनेवरून ठरवला. शाळेत भूगोल शिकणाऱ्या मुलाला दाखवायला याहून चांगली जागा मला माहीत नाही. आणि हो, किनाऱ्यावरच्या प्रत्येक हॉटेलात त्सुनामीत कुठे पळायचं याचा नकाशा लावलेला असतो, पोचल्यावर आधी तो बघायचा, समुद्रतळाच्या नानकाई खंदकाचा भूकंप इथे कधीही होऊ शकतो असं धरूनच लोक जगतात.

धंदे-उद्योग बघायचे तर तेही डोंगर आणि समुद्रातूनच आलेत. आरिदा खोऱ्याच्या उतारावर दगडी बांध घालून मिकान म्हणजे संत्र्यासारखं फळ पिकवतात, जपानमध्ये या फळात वाकायामा सगळ्यात पुढे आहे. ऊन, निचरा आणि उबदार समुद्र, तिन्ही मिळतं. नोव्हेंबर म्हणजे ऐन हंगाम, काही बागांत पैसे भरून स्वतः तोडून खाता येतात, रस्त्याकडेला पिशव्या ठेवून शेजारी पैशाचा डबा ठेवलेला असतो. दक्षिणेला मिनाबे आणि तानाबे हा उमे या जर्दाळूसारख्या आंबट फळाचा पट्टा, देशातल्या निम्म्याहून खूप जास्त उमे या एका प्रीफेक्चरमधून येतात. नानको जात झाडावरच पिकू देतात, जूनमध्ये झाडाखाली जाळ्या पसरून पडलेलं फळ गोळा करतात, मिठात मुरवून उन्हाळ्यात वाळवतात, की झालं उमेबोशी. याच उतारांवर वरच्या बाजूला उबामे ओकचं जंगल राखून ठेवतात, त्याने माती धरून राहते, मधमाश्या मिळतात आणि लाकडाचा कोळसा करता येतो, ही सगळी पद्धत २०१५ मध्ये जागतिक कृषी वारशाच्या यादीत गेली.

तो कोळसा म्हणजे किशू बिंचोतान, आणि तो बनताना बघायला मिळाला तर सोडू नका. मातीच्या भट्टीत लाकूड कित्येक दिवस हळूहळू जाळतात, शेवटी हवा आत सोडून तापमान हजार अंशांच्या वर नेतात आणि मग लालभडक कोळसा लांब लोखंडी आकड्याने बाहेर ओढून त्यावर ओलसर राख-माती टाकून विझवतात. कारागीर भट्टीच्या तोंडाशी अगदी जवळ उभा असतो, तिथली आच दहा फुटांवरून सोसत नाही. तयार झालेला कोळसा इतका टणक की दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर काचेसारखा, धातूसारखा किणकिण वाजतो, हात काळे होत नाहीत. तोक्योच्या महागड्या हॉटेलांत भाजायला हाच लागतो.

हिरोगावाच्या शेजारीच युआसा गाव, जपानी सोय सॉसचं जन्मस्थान मानतात. तेराव्या शतकात काकुशिन नावाचा भिक्षू चीनहून किंझानजी मिसो म्हणजे सोयाबीन आंबवून करायचा एक पदार्थ शिकून आला, तो मुरताना सुटणारं पाणी लोकांनी स्वयंपाकात वापरलं, त्यातून शोयू म्हणजे सोय सॉस झाला. जुनी लाकडी गोदामं, गल्ल्या जपलेल्या आहेत, वास नाकात भरतो. किंझानजी मिसोत वांगं, आलं वगैरे भाज्या असतात, भातावर घेऊन खातात. बाकी वाकायामा शहरात मोठा पोलाद कारखाना आहे, निट म्हणजे विणलेलं कापड आणि विणकाम यंत्रांचा धंदा आहे, काइनान गाव ब्रश आणि घरगुती वस्तूंसाठी ओळखलं जातं. आरिदाचा तेलशुद्धीकरण कारखाना २०२३ मध्ये बंद झाला, त्याचा परिसराला चांगलाच फटका बसला. किइ-कात्सुउरा ट्यूनाचं मोठं बंदर. जवळच्या ताइजीत १६०६ पासून व्हेलची शिकार चालत आली, तिथे आजही डॉल्फिन पकडतात त्यावरून जगभर वाद आहे, आईंना घेऊन मी तिथे जाणार नाही.

आता फिरणं. कान्साई विमानतळ ओसाकाच्या दक्षिण टोकाला आहे, म्हणजे वाकायामाला जवळ, बसने शहरात पाऊण तासात पोचता. कोयासानला जायला ओसाकाच्या नांबा स्टेशनवरून नानकाई कंपनीची गाडी, गोकुराकुबाशीपर्यंत साधारण दीड तास. थेट गाड्या कमी, बऱ्याचदा हाशिमोतोला बदलावी लागते, आणि हाशिमोतोनंतर गाडी डोंगरात वळणं घेत हळू जाते, खिडकी सोडू नका. शेवटच्या स्टेशनवरून केबल कार पाच मिनिटांत ३३० मीटर वर नेते, तिथून बस. केबलच्या स्टेशनपासून गावापर्यंतचा रस्ता फक्त बससाठी आहे, चालायला बंदी, तेव्हा चालत जाऊ असा विचार करू नका. जेआर म्हणजे जपान रेल्वेचा पास नानकाईवर चालत नाही, नानकाईचं कोयासानचं एकत्रित तिकीट घ्या, त्यात जाणं-येणं आणि वरच्या बस येतात.

समुद्राच्या बाजूला जेआरची किनोकुनी लाइन. शिन-ओसाका, ओसाका, तेन्नोजीहून कुरोशिओ नावाची एक्सप्रेस वाकायामा, किइ-तानाबे, शिराहामा, कुशिमोतो, किइ-कात्सुउरा करत शिंगूपर्यंत जाते. शिराहामा अडीच तास, किइ-कात्सुउरा जवळजवळ चार. जाताना उजवीकडे बसा, तिकडे समुद्र आहे. तानाबेपर्यंत गाड्या बऱ्या, शिराहामाच्या पुढे एक्सप्रेस दिवसात मोजक्या आणि लोकल त्याहून विरळ, एक चुकली तर दोन तास गेलेच समजा. तानाबेहून होंगूला बसने दोन तास. बसमध्ये सुटी नाणी ठेवा, मागच्या दाराने चढताना नंबरची चिठ्ठी घ्यायची आणि पुढे उतरताना फलकावर दिसेल तेवढं भाडं टाकायचं. कोयासानहून थेट होंगूच्या बाजूला हंगामात बसची जोडणी असते, पण रिझर्वेशन लागतं, तारखा दरवर्षी बदलू शकतात आणि साडेचार-पाच तास वळणं, आई-बाबांना त्रास होईल. मुलाला रेल्वे आवडत असेल तर वाकायामा शहरातून किशिगावा लाइन, बंद पडायला आली होती, २००७ मध्ये तामा नावाच्या मांजरीला किशी स्टेशनची स्टेशनमास्तर केलं आणि गर्दी परत आली. तामा २०१५ मध्ये गेली, तिच्या वारसदार मांजरी आहेत. आणि त्याला शिराहामाचे पांडा कुणी सांगितले असतील तर ते २०२५ च्या जूनमध्ये चीनला परत गेले.

जेवणाचं. कोयासानच्या शुकुबोत शोजिन र्योरी मिळतं, मांस-मासे नाहीत, कांदा-लसूणही नाही, सूप कोंबू शेवाळ आणि मशरूमचं. आईंसाठी अख्ख्या जपानमध्ये याहून निर्धास्त जेवण नाही, कोयादोफू (वाळवलेलं तोफू) आणि तिळाचं गोमादोफू आवडेल. चव मात्र सौम्य, थोडी चटणी-लोणचं जवळ असू द्या पण सगळ्यांसमोर वास दरवळेल असं नको. बुकिंग करताना खुर्ची-टेबल आणि पलंगाची खोली मागा, काही मंदिरांत असते, नाहीतर जमिनीवर गादी, आणि उठायला-बसायला त्रास. संध्याकाळचं जेवण साडेपाच-सहाला, सकाळची प्रार्थना सहा-साडेसहाला. खर्च माणशी १५,००० येन आणि वर, दोन जेवणं धरून. खाली समुद्राकडे मात्र सगळ्यात माशाचं दाशी म्हणजे अर्काचं पाणी असतं, उदोनच्या रश्शात, भाजीत, अगदी काही उमेबोशीतसुद्धा, कात्सुओ (एक मासा) लिहिलेलं असेल तर ते घेऊ नका, नुसतं शिसो या पाल्याचं किंवा मीठवालं घ्या. कात्सुउरात राहणार असाल तर हॉटेलला आठवडाभर आधी लिहून कळवा आणि भात, रेडी-टू-ईट पाकिटं सोबत ठेवा. प्रसिद्ध वाकायामा रामेनचा रस्सा डुकराच्या हाडांचा असतो.

तुम्हाला मी तीन रात्री सुचवेन. पहिली कोयासान, दुपारी पोचून विद्यापीठ आणि गारान, संध्याकाळी ओकुनोइन उजेड असताना एकदा आणि पहाटे परत एकदा. दुसऱ्या दिवशी खाली हाशिमोतोला उतरून जेआरची वाकायामा लाइन पकडा, तासाभराने वाकायामा शहर, तिथून युआसाला उतरून सोय सॉसच्या गल्ल्या आणि हिरोगावाचा बांध, संध्याकाळी शिराहामा, तिथला ओनसेन जपानच्या सगळ्यात जुन्या तीनांपैकी एक. तिसऱ्या दिवशी किइ-कात्सुउरा, नाची, तिथेच मुक्काम. होंगू याच तीन रात्रींत कोंबायचा प्रयत्न करू नका, चौथी रात्र मिळाली तरच शिराहामानंतर एक मुक्काम युनोमिनेला करा. मोठ्या बॅगा ओसाकाच्या हॉटेलातून कुरिअरने पुढच्या मुक्कामी पाठवा आणि वर एक छोटी बॅगच न्या, केबल कार आणि बसमध्ये चार मोठ्या बॅगा सांभाळणं कठीण. परतीचं विमान कान्साईहून असेल तर ओसाकाला परत जायची गरज नाही, कुरोशिओने हिनेनोला उतरून विमानतळाची गाडी पकडा, फक्त सगळ्या कुरोशिओ तिथे थांबत नाहीत, तिकीट काढताना तेवढं बघून घ्या.